पायांखाली फ्रान्स, पानात पेरिगोर

खास प्रतिनिधी

फ्रान्सला जाऊन आलेल्या पर्यटकाच्या छायाचित्रांत आयफेल टॉवर, लूव्हर संग्रहालय आणि सीन नदीवरचा नौकाविहार हमखास असतो. पॅरिसबाहेरचा फ्रान्स त्याला दिसतो तो बहुधा आगगाडीच्या वा बसच्या खिडकीतून. द्राक्षमळे, दगडी घरांची गावे आणि चर्चचे मनोरे झरझर मागे पडतात आणि पुढचे शहर येते. खुद्द फ्रेंच माणूस मात्र सुटी मिळाली की पाठीवर पिशवी टाकून याच गावांमधल्या वाटा तुडवायला निघतो. दिवसभर चालायचे, सायंकाळी एखाद्या छोट्या खाणावळीत बसून त्या मुलखाचे चार पदार्थ निवांतपणे जेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाकडे निघायचे, अशी ही सुटी असते. वाटाड्यासोबत आणि उत्तम भोजनासह आखलेल्या अशा पदभ्रमण सहलींना गेली काही दशके परदेशी पर्यटकांकडूनही मागणी आहे.

बर्गंडी, प्रोव्हान्स, अल्सास अशा अनेक प्रांतांत या सहली निघतात. त्यांपैकी नैर्ऋत्य फ्रान्समधील पेरिगोर हा प्रदेश चालणे आणि जेवणे या दोन्हींसाठी विशेष प्रसिद्ध आहे. आजच्या प्रशासकीय नकाशावर त्याचे नाव दोर्दोन्य जिल्हा असे असले, तरी लोकांच्या तोंडी जुने पेरिगोर हेच नाव आहे. अशा सहलीत नेमके काय घडते, पाहुण्याच्या ताटात काय येते आणि तिच्याभोवती कोणते वाद आहेत, हे समजून घेण्यासाठी हा प्रदेश उत्तम उदाहरण ठरावा.

वाटा कशा घडल्या

चालण्याची ही हौस फ्रान्समध्ये आपोआप रुजलेली नाही. १९३६ साली पॉप्युलर फ्रंटच्या सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. कारखान्यातल्या माणसाला प्रथमच हक्काची सुटी मिळाली. पुढे ही मुदत वाढत गेली आणि १९८२ मध्ये पाच आठवड्यांवर पोहोचली. हाती वेळ आला, परंतु पैसा बेताचाच होता. अशा वर्गाला पायी हिंडणे हा परवडणारा आनंद होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर जाँ ल्वाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभर खुणा केलेल्या लांब पल्ल्याच्या पायवाटांची योजना मांडली. ३१ ऑगस्ट १९४७ रोजी लुआर नदीच्या काठी, ओर्लेआँजवळ, पहिल्या २८ किलोमीटरच्या टप्प्याचे उद्घाटन झाले. आज फ्रान्समध्ये खुणा केलेल्या वाटांची लांबी एक लाख ऐंशी हजार किलोमीटरांहून अधिक आहे. या वाटांची देखभाल प्रामुख्याने फ्रेंच पदभ्रमण महासंघाचे स्वयंसेवक करतात. रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन ते झाडांवर, कुंपणाच्या खांबांवर आणि दगडांवर खुणा ताज्या करतात.

या खुणांची लिपी अगदी सोपी आहे. पांढऱ्या पट्ट्याखाली लाल पट्टा असेल तर ती लांब पल्ल्याची वाट. पिवळ्याखाली लाल असेल तर एखाद्या प्रदेशाला वळसा घालणारी वाट. नुसता पिवळा पट्टा म्हणजे काही तासांची स्थानिक फेरी. दोन पट्ट्यांची फुली दिसली की वाट चुकली असे समजून मागे फिरायचे. गावोगावच्या जुन्या गाडीवाटा शेतजमिनींच्या एकत्रीकरणात आणि नांगराखाली नाहीशा होऊ लागल्या, तेव्हा १९८३च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यावर पायवाटांची अधिकृत नोंद ठेवण्याची जबाबदारी टाकली. नोंद झालेली वाट कोणाला सहजासहजी बंद करता येत नाही. पर्यटक ज्या पाऊलवाटेवरून निर्धास्तपणे जातो, तिच्यामागे एवढा कायदेशीर आणि श्रमाचा आधार उभा असतो.

मुक्कामाची सोयही याच काळात उभी राहिली. शेतकरी शहरांकडे निघून गेले आणि खेड्यातली दगडी घरे ओस पडू लागली. ती दुरुस्त करून पाहुण्यांना भाड्याने द्यावीत, या विचारातून १९५५ मध्ये ‘झीत द फ्रान्स’ ही संघटना स्थापन झाली. घरमालकाला चार पैसे मिळाले आणि घराचे छप्परही टिकले. आज चालणारा पाहुणा ज्या घरात उतरतो, ते पुष्कळदा एखाद्या शेतकरी कुटुंबाचेच असते. तिथे यजमानांसोबत एकाच लांब टेबलावर बसून जेवण्याची जी पद्धत आहे, तिला ‘ताब्ल दोत’ म्हणतात. तिथे निवडीसाठी पदार्थांची यादी नसते. त्या दिवशी घरात जे शिजले असेल ते सर्वांना वाढले जाते.

एका दिवसाचा क्रम

वाटाड्यासोबतची सहल साधारणतः सहा ते आठ दिवसांची आणि आठ ते पंधरा जणांची असते. रोज दहा ते वीस किलोमीटर, म्हणजे चार ते सहा तास चालावे लागते. जड सामान मोटारीतून पुढच्या मुक्कामी जाते. चालणाऱ्याच्या पाठीवर पाणी, पावसाचा कोट आणि दुपारची शिदोरी एवढेच असते. काही सहलींत एकाच गावी मुक्काम ठेवून रोज वेगळ्या दिशेला फेरी असते, तर काहींत दररोज मुक्काम बदलतो.

वाटाड्याचे काम रस्ता दाखवण्यापुरते नसते. पैसे घेऊन लोकांना अशा भ्रमंतीवर नेणाऱ्याकडे फ्रान्समध्ये मान्यताप्राप्त पात्रता आणि व्यावसायिक ओळखपत्र असावे लागते. गटाची चाल जुळवणे, हवामान पाहून मार्ग बदलणे आणि प्रथमोपचार करणे ही त्याची जबाबदारी असते. जाणता वाटाड्या सकाळी बाजारातून पाव, चीज आणि फळे घेतो, दुपारी ओकच्या सावलीत चादर पसरतो आणि त्या चीजमागची शेळी कोणत्या टेकडीवर चरते हेही सांगतो. खाणावळवाल्याशी त्याचा परिचय असल्याने पाहुण्यांच्या पथ्याची खबर आधीच स्वयंपाकघरात पोहोचते.

दोर्दोन्यच्या काठाने

पेरिगोरचा जो भाग पदभ्रमणासाठी सर्वाधिक पसंत केला जातो तो ‘पेरिगोर न्वार’, म्हणजे काळा पेरिगोर. ओकच्या दाट, गडद अरण्यांमुळे त्याला हे नाव पडले. सारला हे त्याचे मुख्य गाव. बुधवारी आणि शनिवारी इथे बाजार भरतो. मधाच्या रंगाच्या दगडांची मध्ययुगीन घरे एके काळी मोडकळीस आली होती. १९६२ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांच्या पुढाकाराने जुन्या वस्त्या जपणारा कायदा झाला. त्या कायद्याच्या आधारे सर्वप्रथम ज्या गावांचा जीर्णोद्धार झाला, त्यांत सारला होते. इथल्या एका जुन्या चर्चमध्ये आता मंडई भरते. विख्यात वास्तुरचनाकार जाँ नूव्हेल यांनी तिला पोलादाचे अजस्र दरवाजे बसवले आहेत.

सारलाच्या दक्षिणेस नदीच्या वर सुमारे दीडशे मीटर उंचीवर दोम हे तटबंदीचे गाव आहे. राजा तिसऱ्या फिलिपने १२८१ मध्ये ते वसवले. गावाच्या कड्यावरून खाली नदीचे वळण, अक्रोडाच्या बागा आणि मक्याची शेते दिसतात. तिथून उतरून काठाकाठाने गेले की ला रोक-गाजाक हे उभ्या कड्याला चिकटून बसलेले गाव लागते. पुढे बेनाक आणि कास्तेलनो हे दोन किल्ले नदीच्या दोन काठांवरून एकमेकांकडे रोखून पाहतात. शतवार्षिक युद्धात, म्हणजे १३३७ ते १४५३ या काळात, बेनाक फ्रेंचांच्या बाजूला होता, तर कास्तेलनो दीर्घकाळ इंग्रजांच्या ताब्यात होता. मधली नदी हीच सरहद्द होती. मोटारीतून जाणाऱ्याला हे अंतर काही मिनिटांचे वाटते. पायी चालणाऱ्याला मात्र दोन किल्ले एकमेकांच्या किती जवळ होते आणि शत्रू किती निकट राहत होता, हे पायांनी उमगते.

कास्तेलनोच्या पुढे ले मिलांद हा वाडा आहे. अमेरिकेत जन्मलेली आणि फ्रान्सने डोक्यावर घेतलेली नर्तकी जोसेफिन बेकर यांनी तो १९४७ मध्ये विकत घेतला. निरनिराळ्या वंशांची बारा मुले दत्तक घेऊन त्यांनी इथे संसार मांडला. मात्र कर्जापायी त्यांना १९६९ मध्ये वाडा सोडावा लागला. नाझीविरोधी लढ्यातही भाग घेतलेल्या बेकर यांना नोव्हेंबर २०२१ मध्ये पॅरिसच्या पाँतेओंमध्ये राष्ट्रीय सन्मान मिळाला.

पानात काय येते

फ्रेंचांच्या भोजनपद्धतीला युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. हा मान कोणा एका पदार्थाला मिळालेला नाही. एकत्र बसण्याच्या रीतीला, पदार्थांच्या क्रमाला आणि टेबलाच्या मांडणीला तो मिळाला आहे. आधी क्षुधावर्धक पेय, मग आरंभीचा पदार्थ, त्यानंतर मासे किंवा मांस आणि भाज्या, मग चीज आणि शेवटी गोड पदार्थ असा क्रम असतो. चीज गोडाच्या आधी येते, हे पाहून नवख्या पाहुण्यास आश्चर्य वाटते. जेवण दोन-अडीच तास चालते. घाई करणे असभ्य मानले जाते.

पेरिगोरचे स्वयंपाकघर गरजेतून घडले. शीतकपाट नसलेल्या काळात बदक वा हंसाचे मांस मिठात मुरवून त्याच पक्ष्याच्या चरबीत मंद आचेवर शिजवत आणि त्याच चरबीखाली बरणीत साठवत. हिवाळाभर ते टिके. त्याला ‘काँफी’ म्हणतात आणि आज तो महागड्या उपाहारगृहांतही मिळतो. त्याच चरबीत लसूण आणि पार्सलीसह परतलेले बटाटे सारलाच्या नावाने ओळखले जातात. लसणाचे सूप तळाशी थोडे उरले की त्यात तांबडी वाइन ओतायची आणि वाडगा तोंडाला लावून प्यायचा, ही ‘शाब्रोल’ची शेतकरी पद्धत खेड्यांत अजून दिसते. अक्रोड तर सर्वत्र आहे. त्याचे तेल सॅलडवर, तुकडे पावात आणि पीठ केकमध्ये वापरले जाते. पेरिगोरच्या अक्रोडाला उगमस्थानाचे अधिकृत संरक्षणही आहे. बर्जराकजवळच्या मोंबाझियाक गावाची गोड वाइन शरदातल्या धुक्यात द्राक्षांवर चढणाऱ्या एका बुरशीमुळे तयार होते. ही बुरशी द्राक्षातले पाणी कमी करते आणि साखर घट्ट होते.

काळे ट्रफल हा इथला सर्वात महाग जिन्नस. ओक आणि हेझलच्या मुळांशी, जमिनीखाली वाढणारी ही बुरशी डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान पिकते. पूर्वी डुकरे तिचा वास काढत, आता शिकवलेले कुत्रे काढतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने द्राक्षमळे नष्ट केले, तेव्हा रिकाम्या जमिनीवर शेतकऱ्यांनी ओक लावले आणि ट्रफलचे उत्पन्न शेकडो टनांवर गेले. पहिल्या महायुद्धाने खेडी रिकामी केली, राने माजली आणि ते उत्पन्न ओसरले. ते पूर्वपदावर कधीच आले नाही. उन्हाळ्यातल्या सहलीत ‘ट्रफल’ म्हणून जे वाढले जाते, ती बहुधा वेगळी, सौम्य वासाची आणि बरीच स्वस्त जात असते, हे पाहुण्याने जाणून असावे.

फ्वा ग्राचा वाद

पेरिगोरचे नाव ज्या पदार्थाशी सर्वाधिक जोडले जाते तो ‘फ्वा ग्रा’ मात्र वादग्रस्त आहे. बदकाला किंवा हंसाला अखेरचे सुमारे दोन आठवडे नळीने मका भरवला जातो. त्यामुळे त्याचे यकृत कित्येक पटींनी फुगते. प्राणिमित्र संघटना यास उघड क्रौर्य म्हणतात. जर्मनी, इटली, ब्रिटन अशा देशांत हे बळजबरीचे भरवणे निषिद्ध आहे. फ्रान्सने उलट २००६ मध्ये कायद्यातच फ्वा ग्राला संरक्षित सांस्कृतिक आणि पाककलेचा वारसा ठरवले. भारताने २०१४ मध्ये त्याच्या आयातीवर बंदी घातली. म्हणजे मुंबई वा पुण्याच्या पाहुण्याला हा पदार्थ फ्रान्समध्ये चाखता आला, तरी त्याचा डबा परतीच्या सामानात आणता येणार नाही.

शेतकऱ्यांची बाजूही ऐकण्याजोगी आहे. मोठ्या कारखान्यांच्या तुलनेत इथली छोटी शेते पक्ष्यांना अधिक मोकळीक देतात आणि पाहुण्यांना सारे उघडपणे दाखवतात, असे ती शेते चालवणारे सांगतात. २०१५ पासून बर्ड फ्लूच्या साथींनी हा व्यवसाय हादरला, कोट्यवधी पक्षी मारावे लागले आणि २०२३च्या शरदात फ्रान्सने बदकांना लस टोचण्यास आरंभ केला. अनेक सहलींत अशा शेताची भेट कार्यक्रमातच असते. ती टाळायची की डोळ्यांनी पाहून मत बनवायचे, हे प्रत्येकाने आधी ठरवलेले बरे.

शाकाहारी पाहुण्याने काय करावे

मराठी घरांतील पुष्कळ पर्यटक शाकाहारी असतात आणि पेरिगोर हा त्यांच्या दृष्टीने अवघड प्रांत आहे. मांस दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी आहे, असे इथे गृहीत धरता येत नाही. बटाटे बदकाच्या चरबीत परतलेले असतात, लसणाच्या सुपाची फोडणीही अनेकदा हंसाच्या चरबीचीच असते आणि हिरव्या सॅलडवर पक्ष्याच्या पोटातले मांस पसरलेले असते. पारंपरिक चीज गोठवण्यासाठी बहुधा वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट वापरतात. काटेकोर पथ्य पाळणाऱ्याने त्याची चौकशी करावी.

वाट मात्र अगदीच बंद नाही. सेप जातीच्या रानअळंब्यांचे ऑम्लेट अंडे चालणाऱ्यांना मिळते. चेस्टनट, अक्रोड, उन्हाळ्यातली स्ट्रॉबेरी, बाजारातल्या ताज्या भाज्या आणि अक्रोडाचे तेल यांवर चांगले जेवण होऊ शकते. मात्र खेड्यातल्या यजमानाला ही सूचना नोंदणीच्या वेळीच, लेखी द्यावी लागते. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘मांस, मासे, कोंबडी, बदक आणि प्राण्यांची चरबी नको’ असे एकेक नाव घेऊन कळवावे. टेबलावर बसल्यावर ऐन वेळी पदार्थ बदलून मागणे ताब्ल दोतच्या रीतीत बसत नाही.

किती पाहुणे पेलतील?

वेझेर नदीच्या खोऱ्यातील चित्रगुंफांची कथा या प्रदेशाला सतत सावध करीत असते. १२ सप्टेंबर १९४० रोजी मोंतिन्याक गावाजवळ चार मुलांना लास्कोची गुंफा सापडली. हिमयुगातील माणसाने रंगवलेले बैल, घोडे आणि हरणे पाहण्यासाठी १९४८ पासून लोकांची रीघ लागली. त्यांच्या श्वासातील कर्बवायू आणि दमटपणामुळे भिंतींवर हिरवे शेवाळ आणि पांढरा थर चढू लागला. अखेर १९६३ मध्ये गुंफा जनतेसाठी बंद करावी लागली. आज पर्यटक पाहतात त्या प्रतिकृती. पहिली १९८३ मध्ये आणि संपूर्ण गुंफेची नवी प्रतिकृती डिसेंबर २०१६ मध्ये खुली झाली. जवळच्या फाँ-द-गोम या गुंफेत अस्सल रंगीत चित्रे अजून पाहता येतात, परंतु मोजक्याच लोकांना. पाहुण्यांचे प्रेमच ठेव्याच्या मुळावर कसे येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

मोटारींचा प्रश्नही तसाच आहे. उन्हाळ्यात बेनाकच्या अरुंद रस्त्यावर वाहनांची कोंडी होते. ती सोडवण्यासाठी जिल्हा प्रशासनाने नदीवर पूल बांधून वळणरस्त्याचे काम सुरू केले. काही रहिवासी आणि वारसाप्रेमींनी न्यायालयात धाव घेतली. २०१८च्या अखेरीस सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने काम थांबवले. २०१९ मध्ये परवानगी रद्द झाली आणि उभे राहिलेले बांधकाम पाडण्याचा आदेश निघाला. गावातून रोज वाहने हाकणाऱ्यांना हा निर्णय अन्यायाचा वाटला, तर नदीचे दृश्य जपणाऱ्यांना तो विजय वाटला. या प्रदेशाची उपजीविका ज्या देखाव्यावर चालते, तो देखावा पाहायला येणाऱ्यांनीच तो झाकून टाकू नये, असा हा पेच आहे.

चालणारा पाहुणा या पेचावरचा संपूर्ण तोडगा नव्हे. तोही विमानाने येतो आणि त्याचे सामान मोटारीतूनच जाते. तरीही तो वाहनतळ मागत नाही, एका गावात तासभर थांबून निघून जात नाही आणि त्याचा पैसा खेड्यातली खाणावळ, बेकरी आणि शेतघर यांच्याकडे जातो. पर्यटकांचा भार मोजक्या ठिकाणांवरून अनेक गावांवर वाटला जातो, हे या सहलींचे खरे मोल मानावे लागेल.

निघण्यापूर्वी

एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा उत्तम काळ. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते आणि अलीकडे उष्णतेच्या लाटांमुळे दुपारचे चालणे त्रासाचे होते. शरदात शिकारीचा हंगाम सुरू होतो. तेव्हा भडक रंगाचे कपडे घालावेत आणि वाटाड्याने मनाई केलेल्या रानात शिरू नये. गवतातून चालल्यावर सायंकाळी अंगावर गोचीड चिकटलेली नाही ना, हे तपासावे, कारण तिच्या चाव्यातून लाइम रोग होऊ शकतो.

सह्याद्रीतले गड पाहिलेल्याला इथले चढ जड जाणार नाहीत. मात्र सलग सहा दिवस चालण्याची सवय वेगळी. महिनाभर आधीपासून चालण्याचा सराव करावा आणि बूट घरीच मुरवून घ्यावेत. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा आरोग्यविमा आवश्यक असतो. पॅरिसहून बोर्दोपर्यंत वेगवान रेल्वेने साधारण दोन तास लागतात आणि तिथून सारलाला स्थानिक गाडी जाते.

नोंदणी करताना चार गोष्टी विचाराव्यात. रोज किती किलोमीटर आणि किती चढ, गटात किती माणसे, कोणती जेवणे शुल्कात धरलेली आहेत आणि वाइनचा खर्च वेगळा आहे काय. उपाहारगृहात सेवाशुल्क बिलातच समाविष्ट असते. बाटलीबंद पाणी घेण्याचे बंधन नसते, साधे पाणी मागितल्यास ते फुकट मिळते. दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बहुधा बंद होते, हेही ध्यानात असावे. उशिरा पोहोचलेल्या पाहुण्याला मग पिशवीतला पाव, चीज आणि ओकची सावली यांवरच समाधान मानावे लागते. पेरिगोरमध्ये तेही काही वाईट जेवण नव्हे.